विहिरीकडे जाणारा उतार

अलिबागकडील वाडीत विहिरीचे पाणी गोडे लागले, की आपण निश्चिंत होतो. पावसाळ्यात मात्र मी रुग्णाच्या घरी गेलो, की आधी अंगण पाहतो. घरच्यांना ते चमत्कारिक वाटते. पूर्वी पागोळ्यांचे पाणी नारळ-पोफळीच्या आळ्यांत जिरे. आता फरसबंद अंगणावरून ते शेणमाती, शोषखड्ड्याची घाण घेऊन विहिरीत उतरते.

गेल्या श्रावणात एका आजींना जुलाब लागले. रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी चालूच होती. तिसऱ्या दिवशी मला बोलावले, तेव्हा त्या मुलालाही ओळखत नव्हत्या. सलाईनने सावरल्या.

आपण विहिरीचा कठडा उंच करा, अंगणाचा उतार वाडीकडे वळवा. पाणी नितळ दिसले तरी खळखळून उकळा. आणि जुलाब लागताच त्या गोळीविषयी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.