वाचून, समजून, राजीखुशीने

रहस्यकथा वाचणे हा माझा जुना, काहीसा चोरटा छंद आहे. कॉलेजात मी मुलांना ज्ञानेश्वरी आणि मर्ढेकर शिकवते. पण पेपर तपासून डोके शिणले, की हात आपोआप उशाजवळच्या रहस्यकथेकडे जातो. वडिलांच्या ट्रंकेतले बाबूराव अर्नाळकर मी शाळेतच संपवले होते. धनंजय-छोटू आणि काळा पहाड यांच्यावर माझी भक्ती होती; पण एखाद्या बाईनेच कोडे सोडवावे, असे तेव्हाही फार वाटे.

ती हौस यंदाच्या पावसाळ्यात फिटली. सुजाता मेसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ ही २०१८ सालची इंग्रजी कादंबरी हाती आली आणि विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात, उभ्याउभ्या वाचून संपली. काळ १९२१, स्थळ मुंबई. परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी वडिलांच्या कचेरीत वकिली करते. एका गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात आणि तिघींनी आपला सारा हक्क धर्मादायाला दिल्याचा कागद येतो. त्यात एकीची सही म्हणजे नुसती फुली. जिला लिहिता येत नाही तिने कागद वाचला कसा? एवढ्या शंकेवर परवीन त्या बंगल्यात जाते. पुरुष वकिलाने जाळीच्या अलीकडेच थांबायचे, तिथे ही बाई म्हणून पलीकडे जाऊ शकते. पुढे खून होतो. तो कोणी केला, हे सांगण्याचा दुष्टपणा मी करणार नाही.

परवीन कल्पित असली तरी तिच्यामागे खऱ्या बायका उभ्या आहेत. एक मिठन टाटा लाम, मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला बॅरिस्टर. दुसऱ्या कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६चा, आपल्या नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८९२ साली त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडली १९२२ साली! बाईला पदवी द्यायची तिथे रीतच नव्हती. बायकांना वकिली करू देणारा कायदा आपल्याकडे झाला तो १९२३ साली. त्याआधी, १९०४ पासून, त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन बायकांच्या इस्टेटीची कामे पाहत होत्या. ज्या दारांशी साहेब अडत, त्या दारांतून त्या आत जात.

आता माझे घर नया नगरात. मीरा रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून हैदरी चौकाच्या बाजूला चालू लागले, की दुकानांच्या पाट्यांवर मराठी, उर्दू, इंग्रजी शेजारीशेजारी नांदताना दिसतात. मला त्यांतली उर्दू वाचता येत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एक खाला राहतात. त्या रोज उर्दू वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. पण मराठी त्यांना वाचता येत नाही. म्हणजे निरक्षर म्हणायचे तर दोघीही अर्ध्याअर्ध्या.

श्रावणात खालांचे यजमान गेले. मूलबाळ नाही. त्या इद्दतीत बसल्या. चार महिने दहा दिवस बाहेर पडायचे नाही, परक्या पुरुषासमोर यायचे नाही. एका संध्याकाळी त्यांची भाची खाली आली. म्हणाली, “टीचर, खाला बुला रही हैं. चश्मा लेके आना.”

वर गेले. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्या घराच्या आतल्या खोलीत प्रथमच पाऊल टाकत होते, याची मला लाज वाटली. खालांनी उशीखालून एक कागद काढला. दीर देऊन गेला होता. सोसायटीच्या दफ्तरात नाव बदलायला सही हवी, म्हणाला होता. मी वाचू लागले. ते हक्कसोड पत्र होते. यजमानांच्या नावावरच्या खोलीतला आपला सारा हक्क खाला दिराच्या नावे सोडून देत होत्या, तोही काही मोबदला न घेता.

मी सावकाश अर्थ सांगितला. खाला रडल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “औलाद न हो तो बेवा का चौथा हिस्सा है. कुरआन में लिखा है. और मेरा मेहर भी बाकी है.” कायदा त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. अडले होते ते फक्त लिपीपाशी. त्यांनी कागदाची घडी केली आणि पुन्हा उशीखाली ठेवली. इद्दत संपली की एखादी वकीलबाई गाठायची आणि मी बरोबर जायचे, असे ठरले.

निघताना त्यांनी सहज विचारले, “बेटा, तेरे अब्बा का घर किसके नाम है?”

वाचकहो, पुढची गोष्ट माझ्या अभिमानाची नाही. वडील गेल्यावर भावाने मला तालुक्याला बोलावले होते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गर्दी होती, मला परतीची गाडी गाठायची होती. भाऊ म्हणाला, “ताई, इथे सही कर, इथे आणि इथे.” मी केली. घरातलेच माणूस, वाचायचे काय? मुलीला मुलाइतकाच हिस्सा देणारी दुरुस्ती २००५ सालीच झाली होती आणि तिच्यावर मी कॉलेजात एकदा भाषणही ठोकले होते.

त्या रात्री कपाटाच्या तळातून माझी प्रत काढली आणि पहिल्यांदा वाचली. तीनच पाने. शेवटी लिहिले होते, की हे पत्र मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहून देत आहे. खाली सही माझी, वळणदार, एम. ए. झालेल्या बाईची. फुलीत आणि तिच्यात मला त्या वेळी काही फरक दिसला नाही.

भाऊ वाईट नाही. कदाचित मी वाचले असते, तरीही सही केली असती. पण ती मग माझी सही झाली असती. भाऊबीजेला गावी जायचे आहे. ओवाळताना हा विषय काढायचा की नाही, ते अजून ठरलेले नाही. मात्र या खेपेस तो कागद बरोबर नेणार आहे, आणि चष्माही.