विशेष

व्यापारी पत्रांतील मुद्दा पहिल्याच वाक्यांत यावा, हें सूत्र मी बारामतीच्या महाविद्यालयांत तीस वर्षें मुलांकडून घोकवून घेत आलों आहें. त्या सूत्राची किंमत एका विद्यार्थ्याला भरावी लागली.

तो मूळचा इंदापूरचा. येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे सुटे भाग बनवितो. माल तीन आठवडे उशिरां पोंचेल, असें एका जपानी गिऱ्हाइकाला कळवावयाचें होतें. त्याच्या मसुद्याच्या आरंभीं पावसाळा, प्रकृतीची विचारपूस, जुन्या स्नेहाबद्दल आभार असें बरेंच होतें. तें सारें मीं तांबड्या शाईनें खोडलें. उत्तर मोठें नम्र आलें : ‘मुदतवाढीचा विचार करूं.’ “काम झालें!” मी म्हणालों. महिन्याभरानें उमगलें कीं, तो नकार होता.

मग मीं शोध घेतला. औपचारिक जपानी पत्र ‘हाइकेइ’ या वंदनानें सुरू होतें. पुढें ऋतूची वार्ता, क्षेमकुशल, कृतज्ञता. आणि मग ‘साते’ म्हणून मुख्य मजकूर. ई-मेलमध्यें ऋतु गळतो, पण कृतज्ञतेचें एक वाक्य राहतेंच. हें वाचतांना मला जुनीं मोडी पत्रें आठवलीं. आधीं येथील कुशल कळवावयाचें, तिकडील विचारावयाचें, आणि मग ‘विशेष’ म्हणून कामाला हात घालावयाचा! आणि तो नकार? मुलीच्या स्थळाकडून ‘विचार करून कळवितों’ असा निरोप आल्यावर त्याचा अर्थ कोणत्या बापाला समजत नाहीं?

इंग्रजी रीत वाईट नव्हे. तेंच पत्र लंडनला गेलें असतें, तर कदाचित् वेळ वांचविल्याबद्दल आभारच आले असते. चूक एवढीच कीं, एका देशाचा शिष्टाचार मीं साऱ्या जगाचें व्याकरण मानला. आणि माझ्या आजोबांना जें सहज कळलें असतें, तें खोडून टाकलें.

विद्यार्थ्यानें मला दोष दिला नाहीं. “असूं द्या, सर,” एवढेंच तो म्हणाला. या खेपेस मात्र मला अर्थ कळला. येत्या रविवारीं मी इंदापुरास गेलों. त्याच्या वडिलांची प्रकृति विचारली, उसाची व उजनीच्या पाण्याची चौकशी केली, चहा घेतला. मग म्हणालों, “विशेष म्हणजे, चूक माझी होती.”