चान्स किती? आधी वही काढा!

मैत्रिणींनो, महिनाअखेरीला डब्यात किती तांदूळ उरले आणि ते किती दिवस पुरतील, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मुंजीच्या जेवणाला किती पानं उठतील याचा अंदाज आपण बसल्या जागी बांधतो आणि तो फारसा चुकतही नाही. पण घरातली मुलगी ‘मला एमबीए करायचंय, माझा चान्स किती?’ असं विचारते, तेव्हा मात्र आपण एकदम गप्प होतो. ‘देवाच्या मनात असेल तसं’ म्हणून मोकळ्या होतो, नाहीतर क्लासवाल्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. का बरं? चान्स म्हणजे काही जादूटोणा नव्हे. तोही हिशेबच आहे, आणि वाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला तो सहज जमेल असा आहे.

आमच्या घरात हा प्रश्न उभा राहिला २०२४ च्या डिसेंबरात. आमची धाकटी आणि भावजींचा मुलगा, दोघांनीही ‘कॅट’ दिली होती. आयआयएम आणि इतर बऱ्याच व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी दरवर्षी नोव्हेंबरअखेर होते, ती ही परीक्षा. धाकटी बी.कॉम. झालेली, सांगलीतच एका सी.ए.कडे नोकरी करणारी, पुतण्या इंजिनिअर. निकाल लागला. तिला ९१ आले, त्याला ८४. जाऊबाईंनी हौसेनं पेढे आणले. ८४ म्हणजे डिस्टिंक्शनच्याही वर की हो!

संध्याकाळी चहाला सगळे बसले. भावजी म्हणाले, “पोरगा थोडक्यात हुकला. वर्षभर नोकरीच्या भानगडीत न पडता अभ्यास करू दे. पुण्याला चांगला क्लास लावू.” आणि धाकटीबद्दल? “तिनं हौस म्हणून दिली, छान झालं. आता स्थळं बघायला घ्या, वहिनी.” बोलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ८४ ला स्वल्पविराम आणि ९१ ला पूर्णविराम, हे माझ्या मनात सलत राहिलं.

वाद घालून काही हाती लागलं नसतं. नेमका प्रश्न विचारला तो सासूबाईंनी. “अगं, रेशनच्या रांगेत उभं राहताना आपण काय बघतो? पुढे माणसं किती आणि दुकानात साखर किती. तेवढं मला सांगा, मग काय ते ठरवा.” मी हिशेबाची वही काढली आणि धाकटीला शेजारी बसवलं.

तुम्हीही वही घ्या. पहिला रकाना, पुढे माणसं किती. हे ९१ म्हणजे शंभरापैकी ९१ गुण नव्हेत. ते ‘पर्सेंटाइल’ आहे. परीक्षा देणाऱ्या दर शंभरांतले साधारण ९१ तिच्या मागे आणि नऊ पुढे, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ साली ही परीक्षा सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी दिली. करा गुणाकार! धाकटीच्या पुढे सुमारे २६ हजार, पुतण्याच्या पुढे जवळजवळ ४७ हजार. ९९ पर्सेंटाइल मिळालं असतं तरी पुढे २,९०० जण उभे होतेच. हा आकडा ऐकून घरात जरा शांतता पसरली. पण याच हिशेबाची दुसरी बाजू धीर देणारी आहे. पेपर इतका कठीण असतो, की अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास मिळवणारेही ९९ पर्सेंटाइलला पोचले आहेत. तेव्हा ‘निम्मा पेपर सोडून आले’ म्हणत मुलगी रडत घरी आली, तर लगेच कपाळाला हात लावू नका.

दुसरा रकाना, साखर किती. १९६१ साली स्थापन झालेली अहमदाबादची आयआयएम सगळ्यांच्या तोंडी असते. तिच्या दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमाला जागा सुमारे चारशे. केंद्राच्या नियमाप्रमाणे त्यांतल्या १५ टक्के अनुसूचित जातींसाठी, साडेसात टक्के अनुसूचित जमातींसाठी, २७ टक्के इतर मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के आर्थिक दुर्बल घटकांसाठी असतात. म्हणून आपली मुलगी ज्या प्रवर्गातून अर्ज करणार, त्याच प्रवर्गाचा मागच्या वर्षीचा आकडा बघायचा; शेजारणीच्या मुलाचा नव्हे. आणखी एक खुबी लक्षात ठेवा. संस्था जो किमान आकडा छापतात, तो नुसता अंगणात शिरण्यापुरता असतो. मुलाखतीचं बोलावणं पुष्कळदा त्याहून बऱ्याच वरच्यांना येतं.

तिसरा रकाना, आपल्या पदरात आणखी काय आहे. अहमदाबाद, बंगळूर अशा संस्था नुसती कॅट बघत नाहीत. दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही मोजतात. नोकरीच्या अनुभवाला वजन असतं. काही संस्था इंजिनिअरिंगखेरीज इतर शाखांतून आलेल्यांना थोडे जास्त गुण देतात, काही मुलींना देतात. २०१३ साली कोझिकोडच्या आयआयएममध्ये दाखल झालेल्या वर्गात निम्म्याहून अधिक मुली होत्या! कुठे कशाला किती वजन, हे त्या त्या संस्था दरवर्षी जाहीर करतात. ते वाचायला क्लास लागत नाही, चष्मा लागतो. धाकटीचे दहावी-बारावीचे चांगले गुण, कॉमर्सची पदवी आणि दोन वर्षांची नोकरी या रकान्यात उतरवली, तेव्हा तिचा स्वतःचाच चेहरा जरा उजळला.

आता याद्या करा. आमच्याकडे त्यांना साड्यांची नावं पडली. पहिली यादी पैठणीची. म्हणजे अहमदाबाद, कलकत्ता, बंगळूर. मिळाली तर भाग्य, पण तिच्या भरवशावर बाकीचं कपाट रिकामं ठेवायचं नाही. दुसरी बाहेर नेसायच्या साड्यांची. तिच्यात मागच्या वर्षी आपल्यासारख्या आकड्याला आणि आपल्यासारख्या गुणांना बोलावणं आलं, अशा संस्था. तिसरी रोजच्या साड्यांची, जिथे प्रवेश जवळजवळ नक्की. पण तिथे शिकवतात कसं आणि मुलांना पुढे नोकऱ्या काय मिळतात, ते चौकशी करून मगच नाव लिहायचं. आपल्या राज्याची एमबीएची सीईटी विसरू नका. मुंबईची १९६५ पासूनची जमनालाल बजाज संस्था त्याच वाटेवर आहे, आणि राज्याचा सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर कुठल्या महाविद्यालयात कुठल्या प्रवर्गाला शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला मिळाला ते प्रसिद्ध करतो. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची झॅट, सिंबायोसिसची स्नॅप, या आणखी वेगळ्या परीक्षा.

‘एवढे अर्ज कशाला? फॉर्मचे पैसे झाडाला लागतात का?’ असं आमच्या ह्यांनी विचारलं. तेही बरोबरच होतं. मग गणित मांडलं. समजा एका संस्थेत चान्स चारांत एक आहे. तिथेच अर्ज केला, तर चारांत तीन वेळा हात हलवत परत. पण असा चारांत एक चान्स असलेल्या चार संस्थांत अर्ज केला, तर चारही ठिकाणी नकार येण्याची शक्यता तीनांत एकीच्याही खाली उतरते. मात्र ज्या पाच ठिकाणी दाराशीसुद्धा उभं करणार नाहीत, तिथे पाच अर्ज करून काहीच वाढत नाही. दुकानाबाहेरून पाच पैठण्या बघितल्या म्हणून एक अंगावर येत नाही! शिवाय मुलाखतीत बोलताना जीभ अडखळत असेल, तर ती चारही ठिकाणी अडखळेल. तेव्हा तेवढी तयारी घरीच आरशापुढे, नाहीतर सासूबाईंपुढे करावी. आमच्या सासूबाईंनी ‘तू नोकरी सोडून पुन्हा शिकायला का निघालीस?’ हा प्रश्न तिला इतक्या वेळा विचारला, की पुढे परीक्षकांनी विचारला तेव्हा ती हसलीच म्हणे.

क्लासबद्दलही एक शब्द. आमच्या गावातल्या एका क्लासच्या फलकावर ९९ पर्सेंटाइलवाल्या पाच मुलांचे फोटो आहेत. मी आत जाऊन विचारलं, “त्या वर्षी एकूण मुलं किती होती?” उत्तराऐवजी सरबत आलं. फी भरण्याआधी हा प्रश्न जरूर विचारा. नुसते पाच फोटो म्हणजे हिशेबातली फक्त जमेची बाजू.

वही पूर्ण झाली, ती सगळ्यांपुढे ठेवली. मी एवढंच म्हटलं, “दोघांनाही एकच माप लावा. मग जे निघेल ते निघेल.” भावजींनी दोनदा वाचलं. पुतण्यानं आपणहून सांगितलं, की घरी बसून वर्ष घालवण्यापेक्षा तो कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी धरेल आणि अभ्यास पहाटे करेल. धाकटीला पैठणीच्या यादीतून एकही बोलावणं आलं नाही. दुसऱ्या यादीत सहा अर्ज, तीन मुलाखती आणि एक जागा, तीही पुण्याची. २०२५ च्या जूनमध्ये ती गेली. कर्ज तिच्याच नावावर आहे आणि हप्ता किती बसेल ते तिनं जाण्याआधीच त्याच वहीत लिहून ठेवलंय.

तुमच्या मुलीचा हिशेब कदाचित उलटाही येईल. यंदा जमण्यासारखं नाही, असं वही सांगेल. सांगू दे. आकड्यानं दिलेला नकार मुलगी पचवते. पुढच्या वर्षी कुठला विषय पक्का करायचा, तेही त्यातून कळतं. तिला लागतो तो दुसराच नकार, जो हिशेब न मांडताच दिलेला असतो, आणि भावाला दिलेला नसतो. म्हणून म्हणते, स्थळांच्या चिठ्ठ्या पुढे येण्याआधी तिला विचारा, “तुझ्या पुढे किती जण आहेत गं? चल, बघू या.” आणि पेन्सिल तिच्या हातात द्या.