वांग, बंगु आणि आठ दिवसांची डबी

आमच्या गुंजीच्या घरात एकाच दुखण्याला दोन नावं आहेत. गालावर काळपट डाग उठले की आई म्हणते ‘वांग’, आणि बैलहोंगलकडून आलेली वहिनी म्हणते ‘बंगु’. सुरकुत्यांना ती ‘सुक्कु’ म्हणते. शब्द दोन, पण पदराआडचा प्रश्न एकच. हे जाईल का?

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईनं चेहऱ्याची काळजी केली की आपल्याकडं लगेच टोमणा बसतो, ‘आता कुणाला दाखवायचंय?’ पुरुषांनी केसांना कलप लावला तर कुणी काही विचारत नाही. या टोमण्याच्या भीतीनं बाई डॉक्टरकडं जात नाही, गुपचूप डबी आणते.

वहिनीनंही तेच केलं. मुलीचं लग्न ठरलं आणि ओळखीच्या पार्लरमधून एक क्रीम आलं. डबीवर ना कंपनीचं नाव, ना घटक, ना तारीख. आठ दिवसांत चेहरा उजळला. शेजारणी गुपित विचारू लागल्या. दोन महिन्यांनी मात्र गाल लालबुंद झाले. उन्हात गेलं की आग व्हायची, त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली. डबी बंद केली तर त्रास दुप्पट! लग्न पंधरा दिवसांवर आलेलं.

‘वहिनी, चला बेळगावला,’ मी म्हटलं. ‘ब्याड ग, लोक हसतील,’ ती म्हणाली. तरी आम्ही गेलोच.

त्वचारोगाच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी ओळखलं, स्टेरॉइड. खरजेच्या, गजकर्णाच्या नावाखाली मिळणाऱ्या कित्येक मलमांत ते असतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, पण बिननावाच्या डबीला कसला नियम? काही डब्यांत पाराही निघतो. पारा त्वचेचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो अंगात मुरतो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. अकोल्यातल्या एका मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला अशाच क्रीमनं मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आलं होतं.

मग सुईशिवाय, कापाकापीशिवाय खरंच काही होतं का? होतं. पण सावकाश. रात्री लावायची रेटिनॉइडची मलमं सुरकुत्या आणि डाग कमी करतात. त्याला चार-सहा महिने लागतात आणि गरोदरपणात ती चालत नाहीत. केमिकल पीलमध्ये सौम्य आम्लानं वरचा मृत थर काढतात. त्यातलं ग्लायकोलिक आम्ल आपल्या उसातही असतं. म्हणून कुणी उसाचा रस चेहऱ्याला फासू नये! लेसरही आहे. पण आपल्या सावळ्या त्वचेतला रंगच तो प्रकाश शोषून घेतो. हात कच्चा असेल तर भाजतं आणि डाग जायच्या ऐवजी वाढतात. म्हणून यंत्र कुठलं यापेक्षा ते चालवणारा कोण, हे आधी विचारावं.

या सगळ्यांहून मोठा उपाय सर्वांत साधा आहे, उन्हापासून जपणं. अमेरिकेत २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो २०१२ मध्ये वैद्यकीय मासिकात छापला गेला. खिडकीकडचा डावा गाल म्हाताऱ्याचा, उजवा कितीतरी तरुण. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वार्धक्य दाखवत होती. हे २०१३ चं संशोधन. आपल्या बायका सुगीत, सुग्गीत म्हणा हवं तर, दिवसभर भाताच्या शेतात उभ्या असतात. पावसात इरलं घेतात, पण उन्हात डोक्यावर फक्त पदर. रुंद काठाची टोपी, छत्री आणि एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, एवढं तरी करता येईल. आणि सनस्क्रीन उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावायचं.

चाळिशीनंतर त्वचा सैल होते ती काही आळसानं नव्हे. त्वचेला ताठ ठेवणारं कोलॅजन तरुणपणापासूनच हळूहळू घटतं, आणि पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के जातं. हे कळलं तरी निम्मी लाज कमी होते.

लग्नात वहिनी लालसर गालांनीच उभी राहिली. व्याह्यांकडच्या एका बाईनं विचारलं, तर तिनं झाकून न ठेवता सांगितलं, ‘डबीनं झालं. तुम्ही लावू नका.’ चेहरा निवळायला पुढं सात महिने लागले. सुरकुत्या काही पुऱ्या गेल्या नाहीत. पण त्या दिवसापासून गल्लीतल्या तिघीजणींनी आपापल्या डब्या आणून आम्हाला दाखवल्या. दोन डब्यांवर नावच नव्हतं. आता त्या तिघी बेळगावला डॉक्टरकडं जातात, आणि कुठं चाललात म्हणून कुणी विचारलं तर उघडपणे सांगतात.