आतल्या बाजूच्या सह्या

फायबरग्लास घासायला घेतलं की गोडसर, नाकातून थेट डोक्यात चढणारा एक वास सुटतो. पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनचा हा वास कोकणात फायबरच्या होड्यांची डागडुजी चालते तिथे कुणीही ओळखेल. मोटारीच्या गॅरेजात तो सहसा नसतो. तिथे पत्रा, पुट्टी आणि थिनर. कॉर्व्हेट दुरुस्तीला आली की मात्र गॅरेजात होडीच्या कारखान्याचा वास भरतो, आणि ते रास्तही आहे, कारण हे नावच मुळी एका छोट्या युद्धनौकेचं. १९५३ साली शेव्हर्लेनं ही दोन आसनी गाडी काढली. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. एवढ्याशा संख्येसाठी पोलादी पत्र्याचे साचे करत बसणं परवडणारं नव्हतं, म्हणून अंग फायबरग्लासचं झालं, आणि त्या सुरुवातीच्या काळात त्याचे भाग इरी सरोवराकाठच्या अ‍ॅश्टाबुला गावातल्या कारखान्यातून येऊ लागले. सरोवरावरून येणारा वारा त्या पट्ट्यात हिवाळाभर बर्फ ओततो. ज्या गाडीला आज सगळे हिवाळ्यात गॅरेजात झाकून ठेवा म्हणतात, तिची कातडी बर्फाच्या गावात जन्मली. तरीही दर वर्षी पहिला गारठा पडला की मागचा कोपरा फुटलेल्या कॉर्व्हेटांची छायाचित्रं दिसू लागतात आणि त्यांच्याखाली एकच शब्द असतो : ‘टोटल’, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली. या शब्दावर माझा राग आहे. सांगाडा मोजून जागेवर आणता येत असेल, तर हिवाळ्यात आपटलेली स्पोर्ट्‌स कार दुरुस्त व्हावी, आणि ती दुरुस्ती कुणापासून लपवली जाऊ नये, असं माझं म्हणणं आहे.

मुळात हा अपघात होतो कसा ते पाहिलं पाहिजे, कारण दोष बहुतेक वेळा बर्फाच्या माथी मारला जातो. अशा गाड्यांना कारखान्यातून येणारे समर टायर उन्हात चिकट राहतील अशा रबराचे असतात. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की ते रबर कडक होऊ लागतं. कडाक्याच्या थंडीत नुसती गाडी हलवली तरी टायरच्या नक्षीला चिरा पडू शकतात, असा इशारा उत्पादकच देतात. म्हणजे रस्ता कोरडा, आकाश निळं, बर्फाचा कण नाही, आणि तरीही धोका पुरता हजर. सिग्नलला वळताना पाय जरासा जास्त दाबला जातो, मागच्या चाकांवर ताकद येते, शेपूट फिरते आणि मागचं चाक आडवं जाऊन फुटपाथच्या दगडी कडेवर आदळतं. वेग फार नसतो. पत्र्याची गाडी असती तर चेंगरलेल्या पत्र्यानं धक्का कुठवर गेला ते सांगितलं असतं. फायबर चेंगरत नाही. एक तर तो उसळून परत जागेवर येतो, नाही तर तडकतो. म्हणून वरून दिसतात त्या रंगातल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, त्याही कधीकधी धक्क्याच्या जागेपासून हातभर दूर. नाण्यानं टकटक केली की चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो आणि आतले थर सुटले असतील तिथे भद्द. खरी मोडतोड असते चाकामागे : रिम, चाकाला धरणारा नकल, कंट्रोल आर्म आणि मग ते सगळं ज्यावर बसतं तो क्रेडल. पॅनेल पाहून ‘टोटल’ म्हणणाऱ्यानं गाडी पाहिलेलीच नसते. पॅनेल पाहून ‘काही झालं नाही’ म्हणणाऱ्यानंही नाही.

या विषयाकडे वळलं की एक दृश्य माझ्या मनातून हलत नाही, आणि त्यात गाडी कुणी चालवतच नव्हतं. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे अमेरिकेत केंटकीमधल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयातली जमीन खचली. तिथली भूमी चुनखडीची, पोटात गुहा. आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. त्यातली एक होती १९९२ साली त्याच गावच्या कारखान्यात बनलेली दहा लाखावी कॉर्व्हेट. पहिल्या वर्षीच्या गाड्यांची आठवण म्हणून पांढरी, आतून लाल. ती दुरुस्तीसाठी उघडली तेव्हा सुट्या भागांवर आतल्या बाजूनं सह्या दिसल्या. गाडी जोडणाऱ्या कामगारांनी आपापल्या भागावर नाव लिहून तो बसवला होता, पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी. दुरुस्ती करणाऱ्यांनी मग नवा भाग लावण्याची सोपी वाट सोडली आणि सही असलेले भाग वाचवायची धडपड केली. गाडी फुटली नसती तर त्या सह्या उजेडात आल्या नसत्या, हे मला परत परत आठवत राहतं.

विम्याच्या हिशोबात अशा सहीला रकाना नाही. ‘टोटल’ हा शब्द धातूची परीक्षा करून येतो असा समज आहे, पण तो येतो कागदावरच्या टक्केवारीतून. ज्या केंटकीत ही गाडी बनते तिथे दुरुस्तीचा खर्च बाजारभावाच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडीच्या कागदांवर भंगाराचा शिक्का बसतो. टेक्सासात ही रेषा १०० टक्क्यांवर आहे. आपल्याकडच्या वाहनविम्यातही खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपलीकडे गेला की ‘टोटल लॉस’ धरतात. जर्मनीत मात्र चूक समोरच्याची असेल, तर किमतीच्या १३० टक्क्यांपर्यंतचा दुरुस्ती खर्च त्याच्या विमा कंपनीकडून मागता येतो. अट एवढीच, की दुरुस्ती खरोखर आणि नीट झाली पाहिजे आणि मालकानं पुढे निदान सहा महिने ती गाडी वापरली पाहिजे. सवयीची, माहितीची गाडी स्वतःकडे राहावी या इच्छेलाही मोल आहे, हे तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं मान्य केलं आहे. तोच वाकलेला आर्म, तेच तडकलेलं पॅनेल, आणि एका देशात मरण, दुसऱ्यात उपचार. यावर कुणी म्हणेल, की घसरून स्वतःच कठड्यावर आपटलेल्याला हा १३० टक्क्यांचा नियम लागू होत नाही. बरोबर आहे. तिथे स्वतःचा विमा लागतो, आणि बर्फावर समर टायर घालून निघाला असाल तर त्या रकमेलाही कात्री लागू शकते. चुकीची किंमत चालवणाऱ्यानं द्यावी याला माझी ना नाही. पण त्याच्या चुकीसाठी गाडीला का मोडीत काढायचं?

श्रीमंतांच्या खेळण्यासाठी एवढा जीव का टाकायचा, असाही आक्षेप येईल. पण हा टक्क्यांचा हिशोब श्रीमंतांच्या वाटेला फारसा जातच नाही. नव्या कोऱ्या गाडीची किंमत इतकी असते, की बराच मार खाल्ला तरी खर्च रेषेखाली राहतो. रेषा ओलांडली जाते वीस वर्षं जुन्या गाडीची, जी कुणी तरी वर्षानुवर्षं साठवून घेतलेली असते. एक रिम, दोन आर्म, एक पॅनेल आणि रंग एवढ्यानंच तिचा कागदोपत्री शेवट होतो. शिवाय भंगारात गेल्यावर पोलाद वितळून पुन्हा पोलाद होतं, अ‍ॅल्युमिनियमचंही तसंच. एकदा घट्ट झालेलं फायबरग्लासचं रेझिन मात्र वितळत नाही, पुन्हा साच्यात ओतता येत नाही. बहुतेक ते जमिनीत पुरलं जातं. ज्या वस्तूला दुसरा जन्म नाही तिचा पहिला जन्म लांबवण्यात शहाणपण आहे. आणि फायबर सांधायला निसर्गतः सोपं आहे. तडा दोन्ही बाजूंनी उतरता घासायचा, मागून काचतंतूंची चटई थरांनी बसवायची, रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. जुन्या गाड्यांना पॉलिएस्टर चालतं. पुढच्या काळातल्या दाबून घडवलेल्या पॅनेलांवर ते नीट धरत नाही, तिथे एपॉक्सीच लागतं. आणि ऊब लागते. थंड शेडमध्ये रेझिन नीट घट्टच होत नाही, म्हणून हिवाळ्यात मोडलेलं हिवाळ्यातच जोडायचं तर आधी खोली तापवावी लागते.

सर्वांत जड आक्षेप सुरक्षिततेचा आहे. आतल्या तड्याचं काय? इथे अ‍ॅश्टाबुलाच पुन्हा आडवं येतं, आणि गाडीशी काही संबंध नसलेल्या गोष्टीसाठी. २९ डिसेंबर १८७६ च्या रात्री, बर्फाच्या वादळात, त्या गावच्या नदीवरचा लोखंडी रेल्वेपूल आगगाडीसकट कोसळला. सुमारे ९० माणसं गेली. ओतीव लोखंडाच्या एका भागात पोकळी राहून गेली होती. तिच्यापासून तडा वर्षानुवर्षं सरकत होता आणि पूल वरून धड दिसत होता. हे आठवलं की मोडलेल्या गाडीबद्दल भावनेच्या भरात बोलायची माझी हिंमत होत नाही. २०१४ पासून प्रत्येक कॉर्व्हेटचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, आणि वाकलेलं अ‍ॅल्युमिनियम तापवून, ओढून सरळ करणं म्हणजे असाच तडा आत पेरून ठेवणं. तो तुकडा कारखान्यानं सांगितलेल्या जोडावर कापून नवाच बसवायला हवा. मापं पट्टीवर नव्हे, मोजणीच्या बाकावर घ्यायला हवीत. आणि मापं जमत नसतील तर गाडी सोडून द्यायला हवी. माझ्या म्हणण्यातली अट त्याचसाठी आहे. पण हा निर्णय मोजून व्हावा, भावाचं कोष्टक उघडून नव्हे.

मग हिवाळ्यात ती बाहेर काढायचीच कशाला? जर्मनीत १९९७ पासून ठरावीक महिन्यांपुरती नंबरप्लेट मिळते, आणि कित्येक स्पोर्ट्‌स कार थंडीत रस्त्यावर कायद्यानंच येत नाहीत. ज्याला तसं हवं त्यानं तसं करावं. पण विंटर टायर घातलेली, हलक्या पायानं चालवलेली अशी गाडी थंडीत काही वेडेपणा नव्हे, आणि नुसतं झाकून ठेवल्यानं गाडी जपली जाते हेही पुरतं खरं नाही. जुन्या कॉर्व्हेटांच्या काचेभोवती पोलादाची एक चौकट असते, तिला बर्डकेज म्हणतात. वरचं फायबर गंजत नाही, चकचकीत राहतं, आणि आत ओल धरून बर्डकेज गंजत जातो. धक्का न खाता गाडी अशीही मरते, फक्त तिला कुणी ‘टोटल’ म्हणत नाही.

राहिला लपवण्याचा प्रश्न. दुरुस्ती निर्दोष झाली तरी अपघात झालेली गाडी बाजारात कमी भावानं जाते. जर्मन न्यायालयं या घटीचीही वेगळी भरपाई देतात. भाव पडतो म्हणून विकणारा लपवतो, आणि तो लपवतो म्हणून घेणारा सगळ्यांवरच संशय घेतो. बोलिंग ग्रीनमध्ये काय झालं ते इथे पाहावं. आठांपैकी तीन गाड्या दुरुस्त केल्या, पाच तशाच मोडक्या ठेवल्या, कारण त्यांत दुरुस्त करण्याजोगं उरलं नव्हतं. आणि त्या मोडक्या गाड्या पाहायला लोकांची रीघ लागली. दहा लाखावी गाडी खड्ड्यातून निघाली आहे हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, तरी तिची किंमत कुणाच्याच मनात कमी झाली नाही. अर्थात ती प्रसिद्ध गाडी. साध्या गाडीपाशी सांगायला फक्त एक पावती असते, आणि पावती हरवते. म्हणून वाटतं, दुरुस्ती करणाऱ्यानंही पॅनेल बसवण्याआधी आतल्या बाजूनं सही करावी. जाड मार्करनं, रेझिन पुरतं घट्ट झाल्यावर : आपलं नाव, तारीख, कुठला आर्म बदलला, मापं किती आली आणि त्या दिवशी शेडमध्ये ऊब किती होती.