“माफ केलंस ना?”

मैत्रिणींनो, जेवणाचं ताट पुढ्यात ओढता ओढता कुणी तुम्हाला “माफ केलंस ना?” असं विचारलंय कधी? मला विचारलं. खरं सांगते, मूळ अपराधापेक्षा तो प्रश्नच मला जास्त झोंबला.

आमचं तेरखेडा फटाक्यांचं गाव. दिवाळीआधी लांबलांबून गिऱ्हाईक येतं, गावात पैसा खेळतो. अशाच एका दिवाळीच्या तोंडावर माझी भिशी लागली. शिवणाच्या पैशातून वर्षभर भरलेली, लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी. यांनी ती डब्यातून काढली आणि मित्राला धंद्यासाठी देऊन टाकली. मी विचारलं, तर मुलांदेखत हात उगारला. “घर माझं आहे!” म्हणाले. रविवारी उपासनेहून आलो आणि ताटावर बसताच तो प्रश्न. वर शास्त्राचा दाखला, प्रभूनं सत्तर वेळा सात माफ करायला सांगितलंय म्हणून! मागणं कसलं, वसुलीच ती.

पाळकसाहेबांना सांगितलं. तेही म्हणाले, “सहन करा, बाई, प्रार्थना करा.” हा सल्ला जुनाच आहे म्हणा. १८६९ च्या घटस्फोट कायद्यातसुद्धा नुसत्या छळावरून ख्रिस्ती बाईची सुटका होत नसे; जोडीला नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करावा लागे. तो कायदा दुरुस्त व्हायला २००१ साल उजाडलं.

क्षमेचं बाळकडू आम्हाला लहानपणीच मिळतं. पण त्या रात्री मत्तयाचा अठरावा अध्याय मी स्वतः काढून वाचला. सत्तर वेळा सात तिथं आहेच, बाविसाव्या वचनात. पण त्याच्या वर, पंधरा ते सतरामध्ये, काय आहे ठाऊक आहे? भावानं अपराध केला तर आधी एकांतात त्याला तो दाखवायचा. नाही ऐकलं, तर एकदोघांना सोबत न्यायचं. तरीही नाही, तर मंडळीला सांगायचं. इतकी वर्षं उपासनेला जाते, हा भाग मला कुणी कसा ऐकवला नाही?

मग लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्या मागं राहिल्या. पुढं पुन्हा संसार मांडला, १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. मन किती मोठं! पण ‘स्मृतिचित्रे’ उघडून बघा. नवऱ्याचा तापटपणा, न सांगता निघून जाणं, सगळं हसत हसत सांगितलंय. माफ केलं म्हणून झाकलं नाही.

एकांतात मी बोलून चुकले होते. पुढच्या रविवारी थोरले भाऊजी आणि जाऊबाईंना जेवायला बोलावलं आणि त्यांच्यासमोर सगळं मांडलं. वाढताना हात थरथरत होते. हे म्हणाले, “घरातलं बाहेर काढतेस?” जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, “पोरीच्या फीचं काय केलंत, भाऊजी?” हे ताटावरून उठले ते संध्याकाळी परतले.

आता महिन्याच्या महिन्याला ते पैसे परत देतात. तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. मी नेमकं कधी माफ केलं, मलाही सांगता यायचं नाही. चार हप्ते राहिलेत, ते वहीत लिहून ठेवलेत.