वरून कोथिंबीर

पोहे असोत की आमटी, वरून ओले खोबरे आणि कोथिंबीर पडल्यावाचून पान पुढे करायचे नाही, ही माझ्या सासूबाईंची शिस्त. पुढे तीच माझीही झाली. कुंडीत धणे पेरायचे तेसुद्धा त्यांच्या रीतीने, चपलेखाली हलकेच रगडून. एका धण्यात दोन बिया असतात, त्या अशा सुट्या होतात. आणि नाव तरी केवढे जुने! पाणिनीच्या सूत्रातले ‘कुस्तुंबुरु’ म्हणजे हीच आपली कोथिंबीर.

अशा घरात माझी मुलगी एकेक पान वेचून बशीच्या काठाला लावू लागली. म्हणे, “आई, साबण लागतो गं!”

नखरे, दुसरे काय? शिवाय माझ्याजवळ पुरावा होता. हीच मुलगी कोथिंबिरीच्या वड्या चार-चार फस्त करी. वडीत जुडीच्या जुडी चालते आणि पोह्यांवर चिमूटभर चालत नाही, याला लबाडी नाही तर काय म्हणायचे? एका नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नानानंतर, दडपे पोहे खाताना तिने पुन्हा साबणाचे नाव काढले. “कानात राहिला असेल,” कुणी पाहुणे म्हणाले. सगळे हसले. मी मात्र इरेला पेटले आणि वेचलेली सारी पाने तिला खायला लावली. तिने खाल्ली. रडली नाही. मग न्हाणीत जाऊन कितीतरी वेळ चुळा भरीत होती.

ती सासरी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी जावयांनी मला सांगितले, की काहींना कोथिंबिरीत खरोखरच साबण लागतो. २०१२ साली संशोधकांना त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी आढळला. पानांतल्या आल्डिहाइड द्रव्यांसारखी द्रव्ये साबणातही असतात म्हणे. आणि पाने वाफवली, तळली की ती बरीचशी उडून जातात. म्हणजे वडी! माझा पुरावा तिच्याच बाजूचा होता तर!

गेल्या दिवाळीला मुलगी नातवाला घेऊन आली होती. दडप्या पोह्यांचा पहिलाच घास त्याने हातावर काढला. “आजी, साबण!”

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडेच पाहत होती. मी काही न बोलता त्याची बशी उचलली आणि कोथिंबीर घालायच्या आधी बाजूला काढून ठेवलेले पोहे त्याला वाढले.

“मलाही तेच दे, आई,” ती म्हणाली.